आत्या फक्त पहिले नाव ठेवते

१९७४ च्या जानेवारीत, केनवडपासून पायी जाण्याच्या अंतरावर असलेल्या आमच्या गावात, माझ्या मोठ्या बहिणीच्या मुलीचे नाव ठेवले गेले. पहिले नाव त्या दिवशी ठरले. मधले नाव ठरायला १९७९ चा जून उजाडला.

मुलीचे नाव इथे लिहिलेले नाही. ती आज दोन मुलांची आई आहे आणि मी तिची परवानगी घेतलेली नाही. तिचेच लिहायचे नाही म्हटल्यावर इतरांची लिहिण्यात अर्थ नाही.

मुलगी आदल्या डिसेंबरात, कापूस वेचणीच्या दिवसांत जन्मली. पहिले बाळंतपण माहेरी होते, म्हणून ती आमच्या घरी जन्मली, असे गावाला सांगितले जात होते. खरे कारण वेगळे होते आणि तेही गावाला माहीत होते. बहिणीचा नवरा कारंज्याकडे एका जिनिंगमध्ये कामाला होता. बहिणीला दिवस गेले असतानाच त्याने दुसरी बाई घरात आणली. बहीण एका ट्रंकेसह एस.टी.ने परत आली. ती रडली नाही. घरात शिरल्यावर तिने आधी पाणी मागितले आणि मग चार दिवस बहुतेक झोपून काढले. माझी आई म्हणायची, "झोपू द्या तिले. वर्षाची झोप राह्यली तिची."

वडिलांना ती परत जावी असे वाटत होते. ते कठोर नव्हते. त्यांच्याकडे थोडी कोरडवाहू जमीन होती, छातीत दुखायचे आणि मी वाशीमला कॉलेजात शिकत होतो. त्यांचे म्हणणे एवढेच होते, "मी आहो तोवर ठीक. मंग इचं कोण?" हे ते रोज म्हणत, कधी जेवताना, कधी बैलांना वैरण टाकताना.  बहिणीला जायचे नव्हते, हे तिने एकदाच सांगितले होते आणि पुन्हा सांगण्याची ताकद तिच्यात नव्हती.

मुलगी झाली आणि हा प्रश्न नावावर येऊन थांबला.

आमच्याकडे मुलाच्या नावात मधे बापाचे नाव असते, मुलीच्याही. पहिले नाव ठेवण्याचा मान बापाच्या बहिणीचा, म्हणजे आत्याचा. आम्ही बौद्ध. धर्मांतर झाले तेव्हा मी दोन वर्षांचा होतो, बहीण सहा वर्षांची. घरातले देव गेले, पत्रिका पाहणे गेले, नावाचे अक्षर काढून आणणे गेले. आत्या गेली नाही. विहारात त्रिशरण-पंचशील म्हणणारे एक वृद्ध गृहस्थ दर नामकरणाला सांगत, की कानात कुर्र करणे ही जुनी चाल आहे, ती सोडा. बायका त्यांचे पूर्ण ऐकून घेत आणि म्हणत, "वंदना तुमची, कुर्र आमचं." मग आत्या पदर डोक्यावर घेऊन बाळाच्या झोळीवर वाके, बाळाच्या कानाशी 'कुर्र' करून नाव सांगे आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीवर बुक्के मारत. ही थट्टा असे. ज्या आत्याला जास्त बुक्के बसत ती नंतर तेवढीच मिरवत असे.

वडिलांनी हिशेब असा केला होता: आत्याला बोलवायचे. ती आली आणि तिने नाव ठेवले, की मुलगी त्या घराची झाली, हे चारचौघांसमोर पक्के. मग त्या घराला मुलगी न्यावी लागेल, आणि मुलीबरोबर तिची आई.

बहिणीने हा हिशेब ओळखला होता. ती म्हणाली, "आत्या नाई आली तं पोरगी बिननावाची राह्यते का? माय ठेवीन नाव. मधात तुमचं लावा."

वडील म्हणाले, "माहं नाव तुया नावामागं हाये. इच्या मागंबी माहंच लावलं तं तू तिची माय कशी होशीन? बहीण होशीन."

"मंग माहं लावा."

"बाईचं नाव मधात? लोकं पयले बापाचंच विचारतीन."

"विचारू द्या. तुमालेच विचारतीन, मी तं घरात राहीन," बहीण म्हणाली आणि कुशीवर वळली. आई चुलीपाशी हसली. वडील हसले नाहीत.

बारावा दिवस नाव न ठेवता गेला. तोवर कोतवाल येऊन जन्माची नोंद करून गेला होता. त्याने बापाचे नाव विचारले, मुलगा की मुलगी ते विचारले, आणि तेवढे लिहून चहा पिऊन गेला. मुलीचे नाव त्याने विचारले नाही. त्या काळी ते कोणीच विचारत नसे.

घरात मुलीला 'बाई' म्हणत. बहिणीने मात्र एक नाव मनात धरले होते. विहारातल्या वृद्ध गृहस्थांनी पौर्णिमेला सांगितलेल्या गोष्टीतले ते नाव होते. बहिणीचे स्वतःचे नाव जुन्या पद्धतीचे, वारावरून ठेवलेले होते. झोळी हलवताना ती ते नवे नाव हळू आवाजात म्हणे. आई तिला दटावायची, "आत्यानं ठेवल्याबिगर नाव घेऊ नोको." बहीण थोड्या वेळाने पुन्हा म्हणायची. मुलगी रात्रंदिवस रडायची आणि सगळे घर पेंगत असायचे, त्यामुळे दटावणेही फार जोरात होत नसे.

सव्वा महिना होत आला तेव्हा वडिलांनी मला आत्याला आणायला पाठवले. मी सुट्टीत घरी होतो. बहिणीने मला अडवले नाही. "जा," एवढेच म्हणाली. "तिची चूक नाई."

केनवडहून रिसोड, रिसोडहून वाशीम, वाशीमहून कारंजा, तिथून कामरगावकडची गाडी. दिवस मोडला. बहिणीचे सासर कामरगावच्या बाजूच्या एका लहान गावात होते. आत्या म्हणजे बहिणीची मोठी नणंद. विधवा होती, मूलबाळ नव्हते आणि भावाच्या घराशेजारी स्वतंत्र खोपट घालून राहत होती. बहीण तिला अक्का म्हणायची, म्हणून मीही. मी पोचलो तेव्हा ती अंगणात वेचून आणलेल्या कापसातली पत्ती काढत बसली होती. तिने मला ओळखले, पण उठली नाही.

"आता आठवण झाली काय आत्याची?"

"पोरगी झाली, अक्का. सांगावा धाडला होता."

"सांगावा भावाले भेटला. मले कुठं भेटला." तिने कापूस बाजूला सारला. "कोणावर गेली?"

"अजून कळत नाई. रडते लय."

"मंग माह्यावर गेली," ती म्हणाली आणि मला पाणी दिले.

बहिणीचा नवरा संध्याकाळी घरी आला. तो खाटेवर बसला, मी खाली पोत्यावर. त्याने प्रकृती विचारली, आमच्या वडिलांच्या छातीचे विचारले. बोलणे सभ्य होते. मग तो म्हणाला, "नाव माह्या मायचं ठेवा. अन् दोघीले अक्कासंगं पाठवून द्या." आत भांड्यांचा आवाज थांबला होता. आतल्या बाईचे दिवस भरत आल्याचे दिसत होते. तो पुढे म्हणाला, "इचंबी आता जवळ आलं. घरात कामाले कोणी पायजे."

अक्का दारात उभी होती. तिने हे सगळे ऐकले. तिथेच उभ्या उभ्या ती पदराला चिकटलेला कापूस काढत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही निघालो. तिच्याकडे एक पिशवी होती. पिशवीत झबले आणि टोपडे होते. टोपडे तिने स्वतः शिवले होते, लाल कापडाचे. कापड जुन्या लुगड्याचे होते, काठ मात्र नवा. गाडीत तिला जागा मिळाली ती मागच्या बाकावर, चाकावर. रस्ता खराब होता. मंगरूळपीरच्या स्टँडवर ती मला म्हणाली, "तुया जिजाजीनं काय सांगतलं ते बापाले सांगजो. सगळं सांगजो."

"सगळं?"

"कामाले पायजे म्हणला, तेबी."

रिसोडला पुढची गाडी लागायची होती. बाजाराचा दिवस होता, ज्वारीच्या पोत्यांनी स्टँड भरला होता. अक्का एका पोत्याला टेकून बसली आणि बसल्या बसल्या झोपली. पोत्याचा मालक आला, त्याने तिच्याकडे पाहिले आणि दुसरे पोते आधी उचलले.

घरी पोचल्यावर मी वडिलांना सगळी वाक्ये सांगितली, ज्या क्रमाने ऐकली त्या क्रमाने. वडिलांनी विचारले, "पाठवून द्या म्हणला ना?"

"हाव. पण कामाले पायजे म्हणून."

"पाठवून द्या म्हणला ना पण?"

"म्हणला."

"मंग झालं." त्यांनी आईला नवे लुगडे आणि चोळीचा खण बाहेर काढायला सांगितले. आत्याला रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत. शिवाय त्यांनी बहिणीची ट्रंक माळ्यावरून खाली उतरवली आणि फडक्याने पुसली. बहीण मुलीला पाजत होती. ट्रंक पुसताना तिने पाहिले.

अक्काने मुलीला मांडीवर घेतले. मुलगी रडायला लागली. अक्का म्हणाली, "हां, माह्यावरच हाये." बहीण त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. माझ्या आईने मात्र अक्काशी पाण्यापुरतेच बोलणे ठेवले.

नामकरणाच्या सकाळी बहीण आणि अक्का नाल्यावर मुलीचे कपडे धुवायला गेल्या. तिथे काय बोलणे झाले ते मी ऐकलेले नाही. बहिणीने पुष्कळ वर्षांनी मला सांगितले, की अक्काने तिला एकच विचारले होते, "तुले यायचं हाये का?" ती नाही म्हणाली. मग दोघींनी कपडे पिळले. नावाबद्दल काही विचारले का, असे मी विचारले तेव्हा बहीण म्हणाली, "नाई. नाव तिनं रात्रीच ऐकलं होतं. मी झोळी हालवताना."

दुपारी घर भरले. झोळी मधल्या आड्याला बांधली होती. विहारातले वृद्ध गृहस्थ आले, त्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटले, सगळ्यांनी मागे म्हटले. कुर्रबद्दल ते नेहमीचे दोन शब्द बोलले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. घुगऱ्यांचे पातेले दाराशी ठेवले होते. बायका झोळीभोवती जमल्या. वडील दारात उभे राहिले. त्यांनी धुतलेले धोतर नेसले होते.

अक्काने पदर डोक्यावर घेतला, झोळीच्या दोन्ही बाजू हातांनी धरल्या आणि ती वाकली. पहिले दोन-चार बुक्के नेहमीसारखे होते. बायका हसत होत्या. मग शेजारची एक बाई म्हणाली, "हा घे, तुया भावाचा!" आणि तिने जोरात मारला. पाठीवर आवाज झाला. दुसरी म्हणाली, "हा त्याच्या नव्या नवरीचा!" पुन्हा हशा झाला, पण आता मागच्या बायका पुढे येऊ लागल्या. "हा ट्रंकेचा!" "हा सांगाव्याले जबाब नाई आला त्याचा!" हसणे कमी झाले आणि मारणे वाढले. ज्यांची बहिणीशी फारशी ओळख नव्हती त्याही मारत होत्या. मग माझी आई पुढे झाली.  तिने एकच बुक्का मारला. आई रोज लाकडे फोडायची.

अक्का उठली नाही. तिने झोळीच्या बाजू हातांनी घट्ट धरून ठेवल्या होत्या, त्यामुळे तिची पाठ हलत होती आणि झोळी हलत नव्हती. ती ओरडली नाही आणि हसलीही नाही.

बहीण भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "बस करा वो. पोरगी जागी होईन."

हे तिने अगदी साध्या आवाजात म्हटले. बायका थांबल्या. एकीने अक्काचा खांद्यावरून घसरलेला पदर नीट केला.

अक्का सरळ झाली. तिला श्वास घ्यायला वेळ लागला. मग तिने मोठ्याने नाव सांगितले. ते तिच्या आईचे नव्हते. बहीण महिनाभर झोळीशी म्हणत होती ते होते. बायकांनी ते एकमेकींना पुन्हा सांगितले. काहींना ते नवे वाटले. एक म्हातारी म्हणाली, "म्हणाले अवघड हाये," आणि दुसरीने सांगितले, "दोन दिवसांत जमते, बुढे."

वडील दारातून म्हणाले, "अक्का, पुरं सांगा. बापाच्या नावासकट."

 सगळ्यांना कळले, की हे कशासाठी विचारले.

अक्का म्हणाली, "आत्यानं पयलंच नाव ठेवायचं असते, मामाजी. मधातलं आत्या ठेवत नसते."

"पण हाये ना ते ठरलेलं? सांगाले काय होते?"

"ज्याचं हाये त्यानं येऊन सांगावं."

"त्यानं तुमाले पाठवलं ना. दोघीले घेऊन या म्हणला."

"मी नाव ठेवाले आली," अक्का म्हणाली. "न्याले नाई आली."

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी ऐकलेले खरे सांगितले होते आणि तीही खरे सांगत होती. ते म्हणाले, "अक्का, मी आज आहो, उद्या नाई. मंग इनं काय करावं?"

"तिथं येऊन काय करन, मामाजी? दुसऱ्या बाळंतिणीचं पाणी तापवन." अक्का खाली बसली. तिचा हात पाठीकडे जात होता आणि पोचत नव्हता. "माह्या भावानं मले सांगतलं, हिले आण. मी त्याले सांगन, नाई आणली. मारीन तं मारीन. आजचं तं झालंच."

एक बाई फिसकन हसली आणि मग आणखी दोघी. माझी आई उठली, आत गेली आणि खोबरेल तेल गरम करून घेऊन आली. तिने अक्काला आतल्या खोलीत नेले. दार लोटून घेतले. बाहेर घुगऱ्या वाटायला मी होतो.

ट्रंक दोन दिवस तशीच खाली राहिली. तिसऱ्या दिवशी आईने ती माळ्यावर ठेवायला लावली. मधे ठेवली की येताजाता पायाला लागते, असे तिने कारण दिले.

अक्का एकटी परत गेली. मी तिला केनवडला गाडीत बसवून दिले. लुगडे-चोळी तिने घेतले. टोपड्याचे कापड उरले होते ते तिने बहिणीजवळ ठेवले होते. गाडी सुटताना ती म्हणाली, "रडते तं रडू द्या तिले. उगी म्हणून उचलू नोका." तिच्या भावाने तिला काय म्हटले किंवा केले, हे कधी कळले नाही. आम्ही विचारले तेव्हा ती दुसरे काही सांगायची.

त्या संध्याकाळी वडील बहिणीसमोर येऊन बसले. ते म्हणाले, "आता कोणाले विचारू सांग."

बहीण म्हणाली, "कोणालेच नोका विचारू, बाबा. थकली मी."

"मीबी थकलो."

"मंग झोपा."

तेवढ्यावर तो विषय थांबला, मिटला नाही. मधल्या नावाची जागा रिकामी राहिली. मुलगी चालायला लागली, बोलायला लागली, तापाने फणफणली, बरी झाली. देवीची लस टोचायला माणूस आला. त्याने नाव विचारले, वडिलांनी पहिले नाव सांगितले. "बापाचं?" वडील म्हणाले, "नात हाये माही." त्याने पुढे विचारले नाही, त्याला अजून पुष्कळ घरे करायची होती. बहीण मजुरीला जायला लागली. निंदण, वेचणी, कधी रोजगार हमीवर खडी. संध्याकाळी ती ओट्यावर बसून पाय दाबत असे आणि मुलगी तिच्या पाठीवर चढत असे. दोघींचे एकत्र असे चित्र मला आठवते ते हेच. मी तोवर नोकरीला लागून बाहेर गेलो होतो आणि सणावाराला येत होतो.

अक्का वर्षातून एकदा यायची, बहुधा ज्वारीची कापणी आटपल्यावर. दोन दिवस राहायची. ती आली की आई न सांगता खोबरेल तेलाची बाटली काढून ठेवायची. त्यावरून त्या दोघी हसायच्या. तिच्या भावाला दुसऱ्या बाईपासून मुलगा झाल्याचे तिनेच सांगितले. त्याने मुलीबद्दल विचारल्याचे तिने कधी सांगितले नाही.

१९७७ च्या हिवाळ्यात वडिलांची छाती जास्त दुखायला लागली. मी घरी आलो होतो. ते खाटेवर पडून होते, बहीण त्यांच्या पायाशी बसली होती. ते म्हणाले, "माहं लाव."

"काय लावू?"

"नाव. पोरीच्या मधात. माहं लाव."

बहिणीने त्यांच्या पायांवरची चादर नीट केली. मग म्हणाली, "मंग मी तिची बहीण होईन ना, बाबा."

वडिलांना हसू आले आणि खोकला लागला. खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "तेवढं ध्यानात ठेवलं."

"आता राहू द्या. ऐन शाळेच्या वक्ताले पाहू."

ते त्याच महिन्यात गेले.

१९७९ च्या जूनमध्ये मुलीला शाळेत घालायचे ठरले. मी रजेवर होतो, म्हणून बहिणीबरोबर गेलो. शाळेपर्यंतच्या रस्त्यात मी तिला विचारले, मधले काय सांगायचे. वडिलांचे सांगता येईल, असे मी म्हटले. तिचे स्वतःचेही सांगून पाहता येईल, फार तर मास्तर नाही म्हणेल. ती चालत राहिली. तिने डोक्याला टॉवेल बांधला होता. हातात दुपारच्या भाकरीचे फडके होते. तिला तिथून कामावर जायचे होते.

ती म्हणाली, "त्याचंच सांगतो."

"काहून?"

"तवा नाव सांगतलं असतं तं मले जा लागलं असतं. आता कोण न्याले येते?"

मुलगी पुढे पळत होती आणि मधेच थांबून आमची वाट पाहत होती.

शाळेत एकच खोली भरलेली होती. हेडमास्तर टेबलाशी बसले होते. ते आमच्या गावचे नव्हते. त्यांनी मुलीला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगितला. तो लागला. वयाचे झाले. मग त्यांनी पहिले नाव विचारले. मुलीने स्वतःच सांगितले.

"चांगलं नाव हाये. कोणं ठेवलं?"

"आत्यानं," मुलगी म्हणाली.

"अन् बापाचं नाव?" हे त्यांनी बहिणीकडे पाहून विचारले.

बहीण म्हणाली, "आत्याच्या भावाचं लिहा."

हेडमास्तरांनी मान वर केली. "बाई, आत्याचा भाऊ म्हणजे बापच. तेच तं विचारून राह्यलो मी."

"हाव," बहीण म्हणाली. "तेच लिहा." आणि तिने नाव सांगितले. साडेपाच वर्षांत ते तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. तिने ते नीट, सावकाश सांगितले, कारण हेडमास्तर सावकाश लिहीत होते.

"कुठं असतात?"

"कारंज्याकडे."

"येतात?"

"नाई."

 लिहिलेले हेडमास्तरांनी एकदा वाचून दाखवले: पहिले नाव, मधले नाव, आडनाव. मुलीने ते ऐकले आणि आईकडे पाहिले. बहिणीने मान हलवली. मुलगी दुसऱ्या मुलींच्या रांगेत जाऊन बसली. त्या दिवशी ती रडली नाही.

बहिणीने भाकरीचे फडके उचलले आणि ती तिथूनच पेरणीच्या कामावर गेली.